घर पुन्हा पुन्हा आवरूनही पसारा परत का येतो, आणि वस्तू खरोखर कमी कशा करायच्या

प्रश्न थोडक्यात असा: दोन खोल्या, चार माणसं. वर्षातून दोन-तीनदा सगळं उपसून घर आवरलं जातं, पिशव्या भरभरून सामान काढलं जातं, तरी तीन महिन्यांत कपाटं पुन्हा कोंबलेली. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरत नाही, घरातली बाकीची मंडळी काही टाकू देत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

यातला 'सामान काढलं' हा भाग आधी तपासा. काढलं, पण गेलं कुठे? बहुतेक घरांत त्या पिशव्या दारामागे, गाडीच्या डिकीत नाहीतर माळ्यावर जाऊन बसतात. आठवड्याभरात कुणीतरी त्यातली एक वस्तू परत घेतं, मग दुसरी, आणि महिन्याने उरलेली पिशवीच 'नंतर बघू' म्हणून कपाटात शिरते. छाटणी फसते ती बहुतेकदा वस्तू उंबऱ्याबाहेर पडताना. म्हणून पहिलं कपाट उघडायच्या आधी बाहेर जायच्या वाटा ठरवून ठेवा.

एका कागदावर पाच वाटा लिहा: कचरा, रद्दी-भंगार, देणं, विकणं, आणि ज्याचं त्याला परत. प्रत्येकीपुढे दोन गोष्टी लिहायच्या, कोण नेणार आणि कोणत्या वारी. वार ठरलेला नसेल तर त्या वाटेसाठी एकही वस्तू काढू नका. देण्याच्या बाबतीत आधी विचारून घ्या. घेणारे काय घेतात आणि काय घेत नाहीत हे फोनवर दोन मिनिटांत कळतं, न विचारता नेलेल्या खोक्यातला निम्मा माल मात्र परत घरी येतो. दिलेली वस्तू धुतलेली, बटणं लागलेली, सगळे भाग असलेली हवी. फाटकं, विटलेलं दुसऱ्याला देणं म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात नेऊन टाकणं. खोकी लहान घ्या. भरलेलं खोकं १२-१५ किलोंच्या वर गेलं की एकट्याला उचलवत नाही, आणि जे एकट्याला उचलवत नाही ते कोपऱ्यात बसून राहतं. पुस्तकांच्या खोक्याचं हे हमखास होतं.

विकण्याची वाट सगळ्यात चिवट असते. एक वस्तू विकायची म्हणजे ती पुसायची, चांगल्या उजेडात चार-पाच फोटो काढायचे, मापं लिहायची, 'शेवटचा भाव बोला'ला उत्तरं द्यायची आणि न येणाऱ्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचं. दीड-दोन तास सहज जातात. त्या वेळेच्या मोलापेक्षा जास्त पैसे हातात पडणार असतील तरच वस्तू या वाटेला लावा. एका वेळी पाचपेक्षा जास्त नकोत. १४ दिवसांत गेली नाही तर ती आपोआप 'देणं'मध्ये.

भावावर घोडं अडतं त्याचं कारणही समजून घ्या. आपल्या मालकीची झाली की वस्तू आपल्याच नजरेत महाग होते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८० मध्ये याला 'एन्डाउमेंट इफेक्ट' असं नाव दिलं. त्याने डॅनियल कानेमन आणि जॅक नेच यांच्यासोबत केलेले प्रयोग १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले होते. ज्यांना हे मग मिळाले त्यांनी विकण्यासाठी जी किंमत सांगितली, ती बाकीचे विद्यार्थी मोजायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. आणि हे मग त्यांच्या हातात येऊन फक्त काही मिनिटं झाली होती. तुमच्या कपाटातल्या वस्तू तर दहा-दहा वर्षं तुमच्या आहेत. त्यामुळे 'हे टाकू का?' हा प्रश्नच चुकीचा, त्याचं उत्तर मनात आधीच तयार असतं. त्याऐवजी विचारा: ही वस्तू आज माझ्याकडे नसती आणि दुकानात समोर दिसली असती, तर पैसे देऊन घेतली असती का? नुसतं हातात धरल्यानेही वस्तू आपलीशी वाटू लागते असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. म्हणून अडलेल्या वस्तूंच्या वेळी एक युक्ती चांगली चालते. वस्तू दुसऱ्याने हातात धरून दाखवायची, तुम्ही फक्त हो-नाही सांगायचं. हसू येतं, पण वेग दुपटीने वाढतो.

आता जागा. माळ्यापासून सुरुवात करू नका. तिथल्या वस्तूंत आठवणी सगळ्यात जास्त आणि त्या काढून रोजच्या जगण्यात पडणारा फरक सगळ्यात कमी, त्यामुळे दोन दिवस जातात, घर होतं तसंच दिसतं आणि उत्साह मावळतो. पहिला दिवस न्हाणीघरातल्या फळीला आणि औषधांच्या डब्याला द्या. तिथे निर्णय तारखेवर होतात, जीव कशात अडकलेला नसतो. मग स्वयंपाकघर, कपडे, वायरी आणि अवजारं, कागद, आणि अगदी शेवटी आठवणींच्या वस्तू. अपवाद एकच: काम करायला दीड-दोन चौरस मीटर मोकळी फरशीच नसेल, तर आधी तेवढी करून घ्या.

एक बैठक तासाची. ४५ मिनिटं निवड, उरलेली १५ मिनिटं फक्त निपटारा. कचरा खाली नेणं, खोक्यांवर वाट आणि वार लिहिणं, ठेवलेलं जागेवर लावणं. ही १५ मिनिटं वगळली की खाटेवर ढीग राहतो आणि रात्री झोपायच्या वेळी तो जसाच्या तसा कपाटात कोंबला जातो. 'सगळं एकदम बाहेर काढा' हा सल्ला बराच ऐकू येतो. तो चालतो, पण सलग चार-पाच तास कुणी हाक मारणार नसेल तर, आणि तोही एका माणसाच्या कपड्यांपुरता. लहान मुलं असलेल्या घरात एका वेळी एकच ड्रॉवर.

स्वयंपाकघरात फार थांबायची गरज नाही. सगळे डबे आणि सगळी झाकणं फरशीवर मांडा, जोड्या लावा, एकटं उरलेलं झाकण किंवा डबा काढून टाका. एकाच कामाच्या वस्तू शेजारी शेजारी ठेवा: चार कात्र्या, सहा चाकू, तीन किसण्या. हात आपोआप ज्याच्याकडे जातो ती ठेवा, तिच्यासोबत फार तर एक. रोजची ताटं-पेले माणशी दोन, आणि पाहुणे खरोखर जितके येतात तेवढे वेगळे. पन्नास माणसं घरी जेवायला येण्याचा प्रसंग दहा वर्षांत एकदा येत असेल तर तेव्हा भाड्याने आणा.

कपड्यांच्या बाबतीत भावनेपेक्षा गणित बरं. दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात, वाळायला किती लागतात आणि दिवसाला किती जोड लागतात हे मांडा. चार दिवसांनी धुणं, एक दिवस वाळणं, दिवसाला एक जोड: पाच झाले. पावसाळी हवा, आजारपण, अचानक प्रवास यासाठी वर तीन धरा. आठ जोड. घरात आणि बाहेर वेगळे कपडे लागत असतील तर हे गणित दोनदा करा. आतले कपडे दीडपट. टॉवेल माणशी दोन, चादरी अंथरुणामागे दोन, फार तर तीन. हा आकडा कागदावर आला की 'कमी' म्हणजे किती हा वाद संपतो. आता सगळे जोड समोर ठेवून सगळ्यात आवडते आठ आधी उचलायचे. टाकायचे कोणते हे शोधत बसू नका, ठेवायचे निवडून झाले की बाकीचे आपोआप उरतात.

दुसरं मोजमाप दांडीचं. पातळ शर्ट हँगरसह साधारण ३ सेंटिमीटर जागा घेतो, जाड जाकीट ५-६. म्हणजे एक मीटर दांडीवर तीसेक शर्ट सुखाने राहतात. त्यापेक्षा जास्त टांगले की चुरगळतात, मागचे दिसत नाहीत, आणि न दिसणारा कपडा घातला जात नाही. इथे लोक बारीक हँगर आणतात. जागा निम्मी लागते खरी, पण सहा महिन्यांत दांडीवर साठ शर्ट असतात. घडीच्या कपड्यांची चळत २५-३० सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, मधला एक ओढला की सगळी कोसळते. तीच घडी फाइलीसारखी उभी लावली तर प्रत्येक कपडा वरून दिसतो. नक्की कोणते कपडे वापरात नाहीत हे कळत नसेल तर सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा. घातलेला कपडा परत टांगताना सरळ करायचा. सगळे ऋतू एकदा फिरून गेल्यावर जे अजून उलटे असतील त्यांचा निकाल लागलेला असतो.

'बारीक झाल्यावर होईल' हा ढीग वेगळा. त्यातले उत्तम असे तीनच ठेवा.

आता 'असू दे, लागेल कधीतरी' याकडे येऊ, कारण खरा पसारा इथूनच तयार होतो. या वाक्यात गृहीत धरलेलं असतं की ठेवून दिलेली वस्तू आहे तशी राहते. ती राहत नाही. बुटांच्या पॉलियुरेथेनच्या तळव्यात हवेतली आर्द्रता शिरून रसायन तुटत जातं. डब्यात जपून ठेवलेला, कधीच न घातलेला बूट काही वर्षांनी चार पावलांत भुगा होतो. इलॅस्टिक सैल पडतं, रबराच्या रिंगा कडक होऊन चिरतात, चिकटपट्टीचा गोंद सुकतो, बॉलपेनची शाई आळते. अल्कलाइन सेल उपकरणात विसरले की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळतं आणि स्प्रिंगा खाऊन टाकतं. पॉवर बँक वापरा अगर ठेवा, तिची क्षमता घटतच जाते. रंगाच्या उरलेल्या डब्यावर साय धरते, मग घट्ट थर. डब्यावरच्या छटेच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवला की उपयोगाचा भाग राहिला, डबा जाऊ द्या. पुठ्ठ्याची खोकी दमट हवा शोषतात आणि कसर-झुरळांना आयतं घर मिळतं, म्हणून 'चांगलं खोकं आहे' म्हणून ठेवलेली खोकीही यात आली. नव्या उपकरणाचं खोकं परत करण्याची मुदत संपेपर्यंतच.

जागच्या जागी धडधाकट राहणाऱ्या वस्तूही असतात: लोखंडी अवजारं, काच, लाकूड, धातूची भांडी. त्यांच्यासाठी कसोटी वेगळी. पुन्हा लागलीच, तर ती एका दिवसात आणि फारसा विचार न करता विकत, उसनी किंवा भाड्याने मिळेल का? मिळत असेल तर सोडा. प्रथमोपचार, आग, वीज किंवा पाणी बंद करायची साधनं आणि सुट्या किल्ल्या यांना ही कसोटी लावायची नाही. दहा वर्षांत एकदाच लागतात, पण तेव्हा एक दिवस थांबता येत नाही.

वायरींचा ड्रॉवर प्रत्येक घरात असतो आणि तिथेच लोक हात टेकतात, म्हणून तो नीट सांगतो. सगळं बाहेर काढा आणि टोकांनुसार गट करा. यूएसबी-सी, मायक्रो यूएसबी, मिनी यूएसबी, ॲपलची लाइटनिंग, टीव्हीच्या केबल, गोल पिनेचे अडॅप्टर. मग घरात आज चालू असलेली उपकरणं मोजा आणि प्रत्येक प्रकाराची वायर 'उपकरणं अधिक एक' इतकीच ठेवा. ॲपलच्या जुन्या ३० पिनांच्या रुंद वायरीची जागा २०१२ मध्ये लाइटनिंगने घेतली आणि २०२३ मध्ये आयफोनही यूएसबी-सीवर आला. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलसाठी यूएसबी-सी सक्तीचं आहे. तेव्हा मायक्रो यूएसबीच्या नऊ वायरींचं भविष्य काय हे उघड आहे. एक-दोन ठेवा. जी वायर हलवल्यावरच चार्जिंग धरते ती आजच जाऊ द्या, तिला 'तात्पुरती' म्हणून परत ड्रॉवरमध्ये ठेवणारा माणूस प्रत्येक घरात असतो.

गोल पिनेचे अडॅप्टर मात्र घाईने टाकू नका. त्यावरच्या बारीक अक्षरांत 'आउटपुट' शोधा. व्होल्ट उपकरणावर लिहिलेल्या आकड्याइतकेच हवेत, अँपिअर तितके किंवा जास्त चालतात, आणि अधिक-उणेचं वर्तुळाचं चिन्ह जुळायला हवं. पिन बसली म्हणून १२ व्होल्टचा अडॅप्टर ९ व्होल्टच्या उपकरणाला लावला तर उपकरण जाण्याचीच शक्यता जास्त. जोडी सापडली की अडॅप्टरवर कागदी चिकटपट्टी लावून उपकरणाचं नाव लिहा. ज्यांची जोडी घरात सापडत नाही ते सगळे एका पिशवीत, ई-कचऱ्यात.

त्याच ड्रॉवरमध्ये जुने मोबाइल निघतात. देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, आधी खात्यातून बाहेर पडा, मगच फॅक्टरी रीसेट करा. क्रम उलटा केला तर फोन जुन्या खात्याला बांधलेला राहतो आणि घेणाऱ्याला तो उघडतच नाही. फुगलेली बॅटरी दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. लिथियम सेल आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून मगच पिशवीत टाका, नाहीतर नाण्याला किंवा चावीला टेकून शॉर्ट होते आणि आग लागू शकते. हे आणि सीएफएल दिवे (त्यात पारा असतो) घरच्या कचऱ्यात नकोत. मुदत संपलेली औषधंही वेगळी काढा, संडासात ओतू नका, आणि पाकिटावरचं नाव खोडा.

कागद वजनाने फसवतात. साध्या ए-४ कागदाचे ५०० ताव म्हणजे जेमतेम ५ सेंटिमीटर जाडी आणि अडीच किलो. हातभर उंचीचा गठ्ठा हे चार-पाच हजार निर्णय असतात. एकेक वाचत बसलात तर वर्ष जाईल. आधी न वाचता चार ढीग करा. मूळ प्रत लागणारे (मालमत्ता, जन्म, शिक्षण, विमा, न्यायालयीन), चालू मुदतीचे (वॉरंटी, कर, चालू उपचार), फक्त माहिती असलेले, आणि बाकी. पहिला ढीग एका जलरोधक फोल्डरमध्ये मावतो, सहसा ४० मिलिमीटरच्या पुढे जात नाही. दुसऱ्यातल्या प्रत्येक कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात 'कधीपर्यंत' ते पेन्सिलीने लिहा, पुढच्या वेळी वाचावंच लागणार नाही. तिसरा स्कॅन करा: मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके, ते माप) पुरतं, छायाचित्राला ६००. फाइलीचं नाव वर्ष-महिन्याने सुरू करा. मूळ कागद टाकण्याआधी स्कॅनच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. चौथा ढीग फाडून रद्दीत, खातेक्रमांक आणि सही असलेले बारीक तुकडे करून.

एक गोष्ट इथे हमखास बिघडते. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असतात, त्या काही वर्षांत कोऱ्या होतात. वॉरंटी असेल तर पावती आली त्याच दिवशी फोटो काढा. जपून ठेवू म्हणून गरम लॅमिनेशन केलंत तर ती काळीठिक्कर पडेल.

पुस्तकं: एक मीटर फळीत साधारण चाळीस मावतात. फळ्या वाढवू नका, तेवढ्यात बसवा.

आठवणींच्या वस्तूंना शेवटी हात लावायचा, तोवर निर्णयाची सवय झालेली असते. इथे संख्येपेक्षा आकारमान ठरवा: माणशी एक खोकं, ४०-५० लिटरचं, झाकण बसलं पाहिजे. एकाच माणसाची किंवा प्रसंगाची आठवण दहा वस्तूंमध्ये असेल तर एक-दोन सगळ्यात बोलक्या ठेवा. मोठ्या वस्तूचा फोटो काढा आणि ती कुणाची, कुठली हे दोन ओळींत लिहून फोटोसोबत ठेवा. नुसता फोटो पुढच्या पिढीला काहीच सांगत नाही. भेट म्हणून आलेल्या वस्तूंचं ओझं लोक विनाकारण वाहतात. देणाऱ्याचा हेतू देताना पुरा झाला. आणि घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर त्या माणसाच्या वस्तूंना काही महिने हात लावू नका, फक्त औषधं आणि नाशवंत तेवढं काढा.

जे खरंच ठरत नाही त्यासाठी एकच खोकं, ५० लिटरच्या आतलं. टेपने बंद करून वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. हंगामी वस्तू असेल तर तेरा महिन्यांनंतरची, म्हणजे पूर्ण वर्ष फिरून जाईल. आत काय आहे त्याची यादी वर चिकटवू नका. खरंच लागली तर तुम्हाला आठवेलच, आणि यादी वाचून मात्र सगळंच लागेल असं वाटतं. तारीख उलटली की न उघडता बाहेर. उघडलंत की पुन्हा पहिल्यापासून सगळं. दुरुस्तीसाठी वेगळी टोपली, जास्तीत जास्त पाच वस्तू, ३० दिवस. पहिल्या आठवड्यात सुटा भाग आणला गेला नाही तर तो पुढेही आणला जाणार नाही.

टाकलेल्यांपैकी एखाद-दुसरी वस्तू पुढे लागणारच. ती पुन्हा घ्यावी लागली तर ती या कामाची फी समजा. त्या एका वस्तूसाठी बाकीच्या दोनशे साठवायच्या नाहीत.

आता घरातली माणसं. दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता टाकू नका, निरुपयोगी दिसली तरी. एकदा असं झालं की समोरचा माणूस वस्तू लपवायला लागतो आणि पुढची पाच वर्षं काही हलत नाही. आधी फक्त स्वतःचं कमी करा, आणि ते कुणाला ऐकवू नका. सामायिक वस्तूंवर प्रत्येकाला नकाराचा हक्क द्या, पण प्रत्येकाची जागाही ठरवून द्या: ही तुझी फळी, हा तुझा ड्रॉवर. त्यात काय ठेवायचं ते तुझं तू बघ, बाहेर आलं की बोलू. जागेची हद्द वाद घालत नाही, म्हणून ती माणसांपेक्षा चांगली पंच. वडीलधाऱ्यांना 'हे टाकायचं का?' असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. 'यातले सगळ्यात चांगले पाच कोणते?' असं विचारा. लहान मुलांची खेळणी तीन भागांत वाटून एक भाग बाहेर, दोन बंद, दर दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल. बंद खोक्यातलं ज्याचं नावच निघत नाही ते सहज सुटतं.

एक सावधगिरी. वस्तू सोडण्याच्या नुसत्या कल्पनेने माणसाला तीव्र त्रास होत असेल आणि साठ्यामुळे झोपायची जागा, शेगडी, दार वापरता येत नसेल, तर तो आळस किंवा हट्ट नव्हे. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने २०१३ मध्ये 'होर्डिंग डिसऑर्डर' हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला आहे. तिथे जबरदस्तीने घर रिकामं केल्यावर त्रास वाढतो आणि घर पुन्हा भरतं. मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. तोवर फक्त दारापर्यंतची वाट आणि शेगडीचा आसपास मोकळा ठेवा.

हे सगळं करूनही तीन महिन्यांत घर भरत असेल तर आवक मोजलेली नाही. चार माणसं, आठवड्याला प्रत्येकी दोनच वस्तू आत आणतात असं धरलं तरी वर्षाला ४१६ होतात. एवढं बाहेर जातं का? दाराच्या आतल्या बाजूला कागद लावा. संपून जाणारं सामान सोडून जे काही आत येईल त्याची एक रेघ, जे बाहेर जाईल त्याची दुसऱ्या रकान्यात. महिनाभर पुरे. बहुतेकांना खरेदीपेक्षा फुकट आलेल्या वस्तूंचा धक्का बसतो: सोबत मिळालेल्या पिशव्या, बाटल्या, नमुने, 'एकावर एक'मधला दुसरा. त्यांना दारातच नको म्हणायचं, कारण आत आलेली फुकट वस्तू विकत घेतलेल्या वस्तूइतकीच जागा खाते. ठरवलेली हद्द गाठेपर्यंत एक आत, दोन बाहेर, नंतर एकास एक. बाहेर जाणारी वस्तू त्याच प्रकारातली हवी, नाहीतर नव्या बुटांच्या बदल्यात जुनं पेन जातं. मनात भरलेली, पण गरजेची नसलेली वस्तू तारखेसह यादीत लिहा आणि ३० दिवस थांबा.

टोपल्या, कप्पे, ऑर्गनायझर सगळ्यात शेवटी, आणि आणण्याआधी आतलं सामान मोजून. आधी आणलेली टोपली भरण्यासाठी सामान शोधलं जातं. ३० सेंटिमीटरपेक्षा खोल टोपली घेऊ नका, तळाचं सामान विसरलं जातं. ४० सेंटिमीटरपेक्षा खोल फळीवर दोन रांगा लागतात आणि मागची रांग मेल्यातच जमा, तिथे पुढे ओढता येणारा ट्रे ठेवा. प्रत्येक कप्प्याचा पाचवा हिस्सा रिकामा राहू द्या, नाहीतर वस्तू परत ठेवताना आधीच्या चार हलवाव्या लागतात आणि माणूस ती टेबलावर टाकून मोकळा होतो.

आणि रिकामं झालेलं कपाट किंवा रॅक घरात ठेवू नका. मोकळी फळी महिन्याभरात भरते, ती कुणी भरली हे कधीच कळत नाही. सहा आठवडे रिकामं राहिलं तर तेही वर ठरवलेल्या वाटांपैकी एकीने बाहेर काढा. काढताना आधी भिंतीत ठोकलेली पट्टी आणि स्क्रू सोडवा, फळ्या काढून घ्या, दारं दोरीने बांधा, आणि जोडणीचे खिळे-स्क्रू, षट्कोनी चावी एका पिशवीत घालून आतल्या बाजूला चिकटवा. नेणाऱ्याला ते लागतात, आणि सुटे राहिले तर तुमच्याच ड्रॉवरमध्ये परत येतात.